सहावीला प्राचीन चीन शिकवायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पुढच्या आठवड्यात प्राचीन चीनची संस्कृती घ्यायचीय, तास दोनच. सातव्या शतकात चिनी प्रवासी युआन श्वांग चालुक्य राजा पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला, सुरुवात तिथूनच करेन. रेशीम, कागद भरभर उरकेन. मला रमायचंय ते शांग या प्राचीन चिनी राजघराण्याच्या काळातल्या कौलाच्या हाडांत. बैलाच्या खांद्याचं हाड किंवा कासवाचं कवच तापवायचं, तडा कसा जातो त्यावरून कौल, आणि विचारलेला प्रश्न तिथंच कोरायचा! कोकणातल्या पोरांना कौल वेगळा समजवायला नको.

पण वर्गात हाडं कुठून आणू? साबणाच्या वडीवर सूर्य, चंद्र, डोंगर यांची जुनी चिन्हं कोरून पाहिली, तर वडीच दुभंगली. शाडू बरी पडेल का? कुणी केलंय? मुलं ४८ आहेत आणि खर्च माझ्याच पर्समधून.