ग्रॅहम थॉमस: छाटण्यापेक्षा फांद्या आडव्या बांधाव्यात

'ग्रॅहम थॉमस' या पिवळ्या इंग्लिश गुलाबाच्या फांद्या सात-आठ फूट उंच जातात, म्हणून फेब्रुवारीत झुडूप गुडघ्याएवढे छाटावे, हा सल्ला मला पटत नाही. जोमदार इंग्लिश गुलाब इतका खाली छाटला की मुळांची सगळी ताकद मोजक्याच डोळ्यांवर (अंकुर फुटण्याच्या जागांवर) एकवटते आणि पुन्हा तशाच लांबलचक, फक्त टोकाला फुलणाऱ्या फांद्या निघतात. फांदी उभी असते तोवर शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांची वाढ रोखून धरते. तीच फांदी आडवी केली की हा अंकुश सैल होतो.

आमच्या इंग्लंडमधील केंटमधल्या बागेत दक्षिणाभिमुख कुंपणावर फूट-दीड फुटाच्या अंतराने तारा ताणल्या आहेत आणि वर्षभरातल्या नव्या फांद्या लवचीक असतानाच, शरद ऋतूत, त्यांवर आडव्या बांधतो. सुतळीचा वेढा आठच्या आकड्यासारखा सैल घ्यावा, म्हणजे साल काचत नाही. जूनमध्ये जवळजवळ प्रत्येक डोळ्यातून वीतभर उपफांदी येते आणि तिच्या टोकाला गर्द पिवळ्या पाकळ्यांचा गच्च पेला उमलतो. तो सुगंध खरोखर अनुभवावा असा आहे! थंडीत या उपफांद्याच तेवढ्या दोन-तीन डोळ्यांवर छाटाव्यात.

'कॉन्स्टन्स स्प्राय' हा गुलाब लावणाऱ्यांनी तर हिवाळी छाटणी फारच जपून करावी. इंग्रज गुलाब-पैदासकार डेव्हिड ऑस्टिन यांचा १९६१ सालचा हा वाण वर्षातून एकदाच, तोही आदल्या वर्षीच्या फांद्यांवर फुलतो. त्या छाटल्या, तर त्या उन्हाळ्यातला बहर गेलाच.