अनुभव धागा : स्कूबासाठी गरम पाणी की गार पाणी?

ओपन वॉटरचं कार्ड (स्कूबाचं पहिलं, १८ मीटरपर्यंतचं प्रमाणपत्र) हातात पडलं की पुढचा प्रश्न ठरलेला : आता कुठे? अंदमान, मालदीव की एकदम स्कॉटलंड, केपटाउन? दोन्हीकडची पाणी ओळखणाऱ्यांनी इथे लिहावं. 'स्वर्ग आहे', 'लाइफ चेंजिंग' वगैरे नको. तापमान, सूटची जाडी, शिसं (खाली जायला बांधायचं वजन) किती किलो, काय बिघडतं आणि का, एवढं लिहा. सुरुवात मीच करतो.

धागाकर्ता, पुणे

विषुववृत्तापासूनचं अंतर बघून ठरवू नका. तुम्ही जाणार त्या महिन्यात वीस-तीस मीटरवर किती अंश असतं, ते विचारा. बाली उष्ण कटिबंधात आहे, पण शेजारच्या नुसा पेनिदाला जुलै ते ऑक्टोबर खालचं गार पाणी वर येतं. मोला मोला (सनफिश) दिसतो तो याच काळात, आणि पाणी १८-२० अंशांपर्यंत उतरतं. गालापागोस तर विषुववृत्तावरच, तरी तिथे ७ मिमीचा सूट लागतो. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात प्रवाळ भरपूर, पण फेब्रुवारीत पाणी २१-२२ अंश. उलट अंदमान नि मालदीव वर्षभर २७ ते ३० च्या घरात.

तापमानावरून सूट ठरतो, सूटवरून शिसं, शिशावरून तरंगण्याचा सगळा हिशोब. ७५ किलोच्या माणसाला समुद्रात साधारण सुरुवातीचे आकडे असे : ३ मिमी सूट आणि अ‍ॅल्युमिनियमची टाकी असेल तर ५-६ किलो, ७ मिमीचा दुहेरी सूट, हुड, हातमोजे घातले की १०-१२, जाड अस्तरावर ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा सूट) आणि स्टीलची टाकी असेल तर १२-१४. हे आकडे पाठ करू नका, तपासा. टाकीत ५० बार (हवेचा दाब) उरलेले असताना बीसीडी (तरंगण्यासाठी हवा भरायचं जाकीट) पूर्ण रिकामं करा, नेहमीसारखा श्वास घेऊन थांबा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं तर बरोबर. भरलेल्या टाकीवर तपासणारे हमखास फसतात, कारण अ‍ॅल्युमिनियमची टाकी रिकामी होत आली की साधारण दोन किलोने वर ओढते, आणि नेमकं वर येतानाच्या पाच मीटरच्या थांब्यावर तुम्हाला खाली राहता येत नाही.

स्टॅव्हॅन्गर, नॉर्वे

वरच्यात एक भर. जाड निओप्रीन (सूटचं बुडबुडेवालं रबर) खोलीवर दबतं. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणजे सूटमधल्या बुडबुड्यांचा आकार जवळपास निम्मा. ७ मिमीचा सूट तीस मीटरवर पातळ होतो, ऊब देत नाही आणि तरंगतही नाही. मग तुम्ही बीसीडीत हवा भरत जाता, आणि वर येताना सूट नि बीसीडी दोन्ही एकदम फुगतात. ३ मिमीच्या सवयीने हवा सोडली तर हमखास उशीर होतो.

म्हणून १० अंशांच्या खाली ड्रायसूट. पण तो फक्त अंगात घालायचा कपडा नाही, शिकायची गोष्ट आहे. घालताना :

मानेचा सील लेटेक्सचा असेल तर टाल्कम लावा, सुगंधी पावडर नको, तिच्यातलं तेल लेटेक्स खातं. दोन्ही हातांची बोटं आतून घालून सील ताणा आणि डोकं त्यातून काढा. नखं आत वळलेली असली की पहिली चीर तिथेच पडते. काठ दुमडला नाही ना हे आरशात बघा किंवा जोडीदाराला बघायला सांगा. एक केस अडकला तरी पाणी झिरपतं. झिप सरळ रेषेत, दुसऱ्याच्या हाताने, धक्का न देता; अस्तराचा धागा दातांत सापडला तर ओढू नका, मागे घ्या. मग गुडघ्यांवर बसून मान थोडी सैल करा म्हणजे आतली हवा निघते.

पाण्यात शिरताना खांद्यावरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. खाली जाताना सूट चिमटे काढायला लागला की छातीवरच्या बटणाने थोडी थोडी हवा. थोडी म्हणजे खरंच थोडी, चिमटा जाईपर्यंत. वर येताना डावा कोपर खांद्यापेक्षा उंच, म्हणजे हवा आपोआप निघते. सगळ्यात वाईट घोटाळा : हवा पायांत जाते, पाय वर, डोकं खाली, आणि व्हॉल्व्ह खाली राहिल्याने हवा निघतच नाही. गुडघे पोटाशी घ्या, गोळा होऊन पुढे कोलांटी मारा, सरळ झालात की लगेच हवा सोडा. हे तरणतलावात दहा वेळा करा. निव्वळ वाचून जमत नाही.

लीड्स, इंग्लंड

रेग्युलेटरबद्दल (टाकीतली हवा तोंडापर्यंत देणारं साधन) कोणी बोललं नाही म्हणून. युरोपच्या ईएन २५० मानकात गार पाणी म्हणजे १० अंशांखालचं, आणि चाचणी ४ अंशांवर होते. ज्यावर '>१०°से.' असा शिक्का असतो तो आपल्याकडच्या भाड्याच्या दुकानात उत्तम, इथल्या पाणी भरलेल्या दगडखाणीत जानेवारीत नाही. कारण साधं आहे : टाकीतला २०० बारचा दाब रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यात (टाकीवर बसणारा भाग) नऊ-दहा बारवर उतरतो तेव्हा हवा जबर गार होते. बाहेरचं पाणी ४ अंश असेल तर स्प्रिंगभोवतीचं पाणी गोठतं, झडप उघडीच अडकते आणि हवेचा लोट सुरू होतो. चांगली भरलेली १२ लिटरची टाकी दोन-तीन मिनिटांत संपू शकते.

टाळायचं कसं? डायफ्रॅमचा, बाहेरून सीलबंद पहिला टप्पा घ्या. पाण्याबाहेर गार वाऱ्यात रेग्युलेटरने श्वास घेऊन बघू नका, तुमच्या श्वासातली वाफ आत गोठते. बीसीडी किंवा ड्रायसूटमध्ये हवा भरताना त्याच क्षणी श्वास ओढू नका. पर्जचं (हवा सोडायचं) बटण दाबून खेळू नका. कॉम्प्रेसरची हवा कोरडी आहे का, हे भरणाऱ्याला विचारा.

आणि लोट सुटलाच तर : तोंडाच्या कोपऱ्यातून सांडणारी हवा घोट घोट घेत राहा, जोडीदाराच्या दुसऱ्या रेग्युलेटरवर जा, मग जोडीदार तुमच्या टाकीची झडप बंद करेल. अर्धं मिनिट थांबलं की बर्फ वितळतो. इथे दोन वेगळे पहिले टप्पे लावण्याची पद्धत आहे ती याचसाठी : एक बंद केला तरी दुसरा असतो.

ठाणे / सध्या एडिनबरा

हवेचा हिशोब मांडतो, म्हणजे गार पाण्यातली डाइव्ह लहान का असते ते कळेल. पृष्ठभागावर मिनिटाला १५ लिटर लागणारा माणूस जड सूट, हुड, थंडी यामुळे सहज २० वर जातो. २० मीटरवर दाब ३ बार, म्हणजे ४५ विरुद्ध ६० लिटर. १२ लिटरची टाकी, २०० वरून ५० बारपर्यंत : १८०० लिटर. गरम पाण्यात ४० मिनिटं, गार पाण्यात ३०. त्यातही हात बधिर झाले की २५ व्या मिनिटाला बटण सापडत नाही, म्हणून आधीच वर.

स्कापा फ्लोचं नाव बरेच जण घेतात. ऑर्कनी बेटांतल्या या खाडीत २१ जून १९१९ ला नजरकैदेतल्या जर्मन आरमाराने स्वतःचीच जहाजं बुडवली. ७४ पैकी ५२ तळाला गेली. नंतर बहुतेक भंगारासाठी वर काढली. आता मोठी सात राहिलीत : कोनिग, क्रोनप्रिन्झ विल्हेल्म, मार्कग्राफ या तीन युद्धनौका आणि ब्रुमर, क्योल्न, ड्रेस्डेन, कार्ल्सरूह ही क्रूझर्स. युद्धनौका उलट्या पडल्यात, खोल. क्रूझर्स कुशीवर, साधारण २५ ते ३५ मीटरवर. म्हणजे १८ मीटरच्या कार्डाने यातलं हाताला फारसं काही लागत नाही. अ‍ॅडव्हान्स्ड आणि नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा) ही प्रमाणपत्रं घेऊनच या. ३२ टक्के ऑक्सिजनवर त्याच्या दाबाची १.४ बारची मर्यादा धरली तर ३३ मीटर. पाणी मार्चमध्ये ६-७, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये १३-१४ अंश. नजर आठ-दहा मीटर पोचली तरी लोक खूश असतात. जहाजं संरक्षित आहेत, तळावरचा खिळाही उचलायचा नाही.

एप्रिल-मे टाळा. वसंतात प्लवक फुटतं आणि पाणी वाटाण्याच्या सुपासारखं हिरवं होतं. अर्थात इथल्या समुद्रात एवढं जीवन आहे ते त्याच हिरवेपणामुळे. अंदमानचं निळं पाणी निवळ दिसतं कारण त्यात खाद्य कमी असतं.

केपटाउन

इथे ऋतू उलटा लागतो आणि फसवतो. दक्षिण आफ्रिकेतला उन्हाळा म्हणजे डिसेंबर-जानेवारी. तेव्हा आग्नेयेचा वारा जोरात वाहतो, अटलांटिक बाजूचं वरचं पाणी बाहेर ढकलतो आणि तळाचं गार पाणी वर येतं. बाहेर ३० अंश ऊन, पाणी ८ ते १२, पण काचेसारखं. त्याच वेळी दुसऱ्या बाजूचं फॉल्स बे गढूळ. हिवाळ्यात फॉल्स बे निवळतं, १३-१५ अंश. सूटकेस भरताना हवामानाचं नाही, वाऱ्याचं भाकीत बघा.

केल्पमध्ये (उंच समुद्री शेवाळाच्या रानात) शिरताना घाबरून चालत नाही. अडकलात तर गोल फिरू नका, आणखी गुंडाळलं जातं. थांबा, मागे हात नेऊन टाकीच्या झडपेपाशी बघा, बहुतेक वेळा तिथेच पान अडकलेलं असतं. कॅलिफोर्नियाचा जायंट केल्प ओढून तुटत नाही, पेन्सिलसारखा मोडला की लगेच तुटतो. इथला एक्लोनिया जाड नि चिवट, त्याच्या बाजूने सरकून निघायचं. सुरी पोटरीच्या आतल्या बाजूला बांधा. पायजमा शार्क, तो पट्ट्यांचा, दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याबाहेर कुठेच भेटत नाही, आणि दिवसा तो केल्पखालच्या कपारीत झोपलेला असतो.

स्वराज द्वीप, अंदमान

सगळ्या गारवाल्यांनी घाबरवून सोडलंय. पण गरम पाणी म्हणजे सोपं पाणी, हाही गैरसमज. मालदीवच्या 'कंदू'त, म्हणजे प्रवाळकड्यांमधल्या खिंडीत, ओढ एवढी असते की पोहून जिंकता येत नाही. तिथे बीसीडी रिकामं करून थेट खाली उतरावं लागतं, वर जमायला थांबलात तर गट पांगतो. दहा डाइव्हजवाल्याने ते करू नये. डिसेंबर ते एप्रिल ईशान्येकडून प्रवाह, पूर्व बाजूला पाणी स्वच्छ, मांटा (मोठे रे मासे) पश्चिमेला. पावसाळ्यात याच्या उलट. बा अटॉलच्या हनिफारूत मात्र फक्त स्नॉर्केल, टाकी चालत नाही. कायद्याने खोली ३० मीटरच.

दुसरं, २८ अंशांतही थंडी वाजते. पाणी हवेपेक्षा वीसेक पट वेगाने ऊब ओढून घेतं. पहिल्या दिवशी अर्ध्या बाह्यांचा सूट पुरतो, चार-चार डाइव्हज केल्यावर पाचव्या दिवशी दातखीळ बसते. ३ मिमी पूर्ण सूट आणा, लवकर गारठणाऱ्यांनी ५. आणि कान : रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, कोरडे करा, कापसाची काडी घालू नका. इथे डाइव्ह बुडते ती थंडीने नाही, कान सुजून.

धागाकर्ता, पुणे

म्हणजे पहिल्या वीस डाइव्हज गरम पाण्यात, मान्य? आइसलँडच्या सिल्फ्राचं (गार, गोड्या पाण्याची भेग) काय, तिथे तर सगळे जातात.

स्टॅव्हॅन्गर, नॉर्वे

अर्धं मान्य. ज्याला पुढे इकडेच राहायचंय त्याने सुरुवातीपासून जड सूटची सवय करावी, नाहीतर सगळं पुन्हा शिकावं लागतं. सिल्फ्रात ड्रायसूटचं प्रमाणपत्र किंवा ड्रायसूटमधल्या दहा नोंदवलेल्या डाइव्हज मागतात. २-४ अंश, खोली १८ मीटरपर्यंतच, नजर शंभर मीटरच्या पुढे. पाणी गोडं आहे, म्हणून शिसं कमी : साहित्यासकट १०० किलो वजन असेल तर समुद्रापेक्षा अडीच किलो उतरवा.

मालवण

कोकणाला कोणी विचारत नाही म्हणून मीच लिहितो. पाणी गरम, पण नजर युरोपातल्यासारखी. इथे पंचांग बघून या. पुनवेला-अमावास्येला उधाण, तळचा गाळ उठतो आणि दोन मीटरपुढचं दिसत नाही. अष्टमीच्या आसपास भांग, ओढ कमी, पाणी निवळतं, पाच-सात मीटर मिळतात. डिसेंबर ते मार्च बरा, पावसाळ्यात सगळं बंद. नेत्राणीला, मुरुडेश्वरसमोर, नजर याहून बरी.

कमी नजरेचा फायदा म्हणजे होकायंत्र, जोडीदाराच्या हाताइतक्या अंतरावर राहणं, टॉर्चच्या खुणा इथेच अंगवळणी पडतात. स्कापाला जाणाऱ्यांनी आधी इथे चार दिवस काढावेत.

एक गोष्ट घाटावरचे लोक विसरतात. विमानाआधी एका डाइव्हनंतर १२ तास, अनेक झाल्या असतील तर १८ तास थांबायचं, हे सगळ्यांना पाठ. ते नियम ६०० मीटरपासूनच्या उंचीला लागू होतात, आणि आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे. दुपारी तीनला शेवटची डाइव्ह आणि सहाला गाडी घाटात, हे करू नका. शेवटच्या दिवशी किल्ला बघा, मासे खा, दुसऱ्या दिवशी सकाळी निघा. मुंबईवाल्यांनी कुडाळहून कोकण रेल्वे धरली तर फारशी उंची चढावीच लागत नाही.