'जिवाचं बरंवाईट' पत्रकात चालेल का?

पाटीपेन्सिल: मानसिक आरोग्यावरचं एक पत्रक मराठीत आणतेय. खचलेल्या माणसाला घरच्यांनी काय विचारावं, तिथे मी लिहिलं: "जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं का?" तपासणाऱ्यांनी 'बरंवाईट' खोडून 'आत्महत्या' केलं. हा शब्द घरच्या माणसाला तोंडावर कसा विचारायचा? तुम्ही काय म्हणता?

जुना वाचक: 'बरंवाईट'च ठेवा. अशुभ सरळ बोलायचं नाही ही आपल्या भाषेची रीत. निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बांगडी फुटत नाही, वाढवते.

सांजवारा: मी हेल्पलाइनवर फोन घेते. सुरुवातीला मीही 'काही बरंवाईट' म्हणायचे. एकदा पलीकडच्या माणसाला वाटलं, मी त्याच्या वडिलांच्या आजारपणाबद्दल विचारतेय. तो तेच सांगत बसला, आणि मुख्य प्रश्न राहून गेला. पुन्हा विचारायला मला दहा मिनिटं लागली. तेव्हापासून थेट विचारते: "आत्महत्येचे विचार येतात का?" 'हो' आलं की पुढचं: काही ठरवलंय का, आत्ता सोबत कोण आहे. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, हा समज खोटा आहे. कुणीतरी विचारलं म्हणून माणूस रडतो, मोकळा होतो.

क्षेपक: पण 'आत्महत्या'त 'हत्या' आहे. इंग्लंडात १९६१ पर्यंत तो कायद्यानं गुन्हाच होता, म्हणून तिकडे आता गुन्ह्याला लागणारं 'कमिट' हे क्रियापद टाळतात. आपलं 'करणे' निर्दोष आहे, दोष नामातच आहे. 'आत्मघात' कसा वाटतो?

जुना वाचक: 'आत्मघातकी' म्हटलं की हल्लाच आठवतो. नको.

क्षेपक: बरं, 'स्टिग्मा'ला काय लिहिलंय? सगळे 'कलंक' लिहितात. माझं मत 'लांछन'. ग्रीकमध्ये स्टिग्मा म्हणजे गुलामाच्या कातडीवर उमटवलेली खूण. लांछनही मुळात खूणच. तीर्थंकरांच्या चिन्हांना लांछनच म्हणतात, आणि पसायदानातलं 'चंद्रमे जे अलांछन' तर सगळ्यांना पाठ आहे. खूण दुसऱ्यानं उमटवलेली असते, हे त्यात राहतं.

सांजवारा: फोनवर दोन्ही शब्द मी कधी ऐकलेले नाहीत. लोक म्हणतात, "लोक काय म्हणतील."

ओसरी: माझ्या भावाच्या कागदावर 'छिन्नमनस्कता', म्हणजे स्किझोफ्रेनिया, लिहून आलं. आईनं तो कागद सहा महिने कपाटात, साड्यांखाली ठेवला. औषधं तेवढीच लांबली. संस्कृत शब्द सभ्य असतो असं मला वाटायचं. त्या शब्दानं आम्हाला घाबरवलं. जपानमध्येही या आजाराचं जुनं नाव 'मन दुभंगण्याचा रोग' अशाच अर्थाचं होतं. २००२ मध्ये त्यांनी ते बदललं.

जुना वाचक: नाव बदलून आजार बदलतो का? पुढच्या पिढीला नवं नावही बोचेल.

ओसरी: आजार नाही बदलत. कागद कपाटातून लवकर बाहेर आला असता.

पाटीपेन्सिल: छपाई उद्या आहे. सांजवारांचा फोन वाचून 'आत्महत्या'च ठेवतेय. काल रात्री प्रश्न मोठ्यानं वाचून पाहिला, दोनदा अडखळले. तिसऱ्यांदा नीट आला.

क्षेपक: आणि 'कलंक'चं काय केलंत?