मदत हवी आहे: पावसाळ्यात ट्यूब माईक चरचरतो

मंडळी, बेळगावात झड लागली की यू-४७ (नॉयमनचा जुना नावाजलेला ट्यूब माईक) धाटणीच्या माईकमधून चरचर येते, मधूनच 'फट्' होतं. तंबोऱ्याच्या ट्रॅकवर तर लगेच उघडं पडतं. ट्यूब (आत सिग्नल वाढवणारी निर्वात नळी) ईएफ८६ जातीची, केबल सात पिनांची, पॉवर सप्लाय अर्थातच वेगळा. तेव्हा फँटम (मिक्सरकडून माईकच्या केबलमधून येणारी वीज) तपासा असं कृपया सुचवू नका!

ट्यूब बदलली, फरक शून्य. केबल हलवून आवाज बदलत नाही. सप्लायचे लोडवर १०५ व्होल्ट स्थिर, ट्यूबच्या हीटरला ६.३ व्होल्ट बरोबर. अर्धा तास तापल्यावर मात्र चरचर कमी होते. म्हणून संशय दमटपणावर: ग्रिडपाशी (ट्यूबमध्ये सिग्नल शिरतो ते टोक) १ गिगाओमचा रेझिस्टर आहे, तिथे बोटाचा घाम किंवा सोल्डरिंगचा जुना फ्लक्स राहिला तरी करंट गळतो.

आता कॅप्सूल (आवाज टिपणारा पडद्याचा भाग) सोडवून त्याजागी ६८ पिकोफॅरडचा कपॅसिटर लावायचा विचार आहे. आवाज थांबला तर दोष कॅप्सूलचा, नाही तर बोर्डाचा. ही चाचणी पुरेशी आहे का? बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसताना ग्रिडजवळच्या पॉलिस्टायरीन कपॅसिटरला धोका आहे का? आणि बेळगाव, कोल्हापूर किंवा हुबळीकडे कॅप्सूलचा पडदा साफ करणारं कोणी खात्रीचं आहे का? सोन्याच्या थराला स्वतः हात लावायची हिंमत नाही. सिलिका जेलच्या डब्यात ठेवतोच, पण इथल्या जुलैत जेल ओलावा शोषून भराभर गुलाबी पडतं.