जँगो ओआरएम (पायथनच्या जँगो फ्रेमवर्कमधला, डेटाबेसच्या ओळी ऑब्जेक्ट म्हणून हाताळणारा भाग): दोन काउंटरवरून विक्री झाली की साठा चुकतो

प्रश्न (इंदूर):
राजवाड्याजवळच्या नमकीनच्या दुकानाचं बिलिंग. साठा ४० पाकिटं. एका काउंटरवर ३ विकली, दुसऱ्यावर त्याच क्षणी ५. उरायला हवीत ३२, दिसतात ३५. ऑब्जेक्ट आणून, वजाबाकी करून सेव्ह करतो. चुकतंय कुठे?

उत्तर (ग्वाल्हेर):
दोघांनीही ४० वाचले. शेवटी लिहिणाऱ्याचे ३५ राहिले. शिवाय नुसता सेव्ह सगळी फील्ड लिहितो, म्हणजे मधल्या वेळात बदललेला भावही पुन्हा जुना होतो. वजाबाकी डेटाबेसलाच करू द्या: फिल्टरमध्ये आयडी आणि ‘साठा किमान ५’ ही अट, पुढे अपडेटमध्ये एफ एक्स्प्रेशनने (म्हणजे डेटाबेसमधल्या त्या क्षणीच्या किमतीवरच हिशेब) साठा वजा ५. अपडेटकडून परत येणारा आकडा, म्हणजे किती ओळी जुळल्या, तो तपासाच. ० आला तर माल अपुरा, बिल थांबवा.

उत्तर (वडोदरा):
एक जपा. अशा अपडेटने सेव्ह मेथड चालत नाही, सिग्नल (सेव्ह झाल्याची जँगोची आपोआप सूचना) जात नाहीत, ऑटो नाऊची (सेव्ह करताना आपोआप भरणारी) तारीखही बदलत नाही. ती त्याच अपडेटमध्ये लिहा. बिलात अनेक वस्तू असतील तर सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल होतील किंवा एकही नाही), आणि आयडीच्या क्रमानेच, नाहीतर डेडलॉक, म्हणजे दोन बिलं एकमेकांची वाट पाहत अडकतात.

प्रश्न (इंदूर):
सिलेक्ट फॉर अपडेट, म्हणजे वाचतानाच ओळीला कुलूप, नको?

उत्तर (ग्वाल्हेर):
हिशेब पायथनमध्येच करावा लागत असेल तर हवं. पण एसक्यूलाइट या डेटाबेसवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. चाचणी पोस्टग्रेस या डेटाबेसवर घ्या.