केक पूर्ण भाजला गेला, हे तुम्ही कसे ओळखता?

गेल्या रविवारी लेकीच्या वाढदिवसाचा केक ओव्हनमधून काढल्यावर मधोमध बसला. वरून तो छान तांबूस दिसत होता, टूथपिकही कोरडी निघाली होती. आत मात्र कच्चट पिठाचा थर होता. आपापल्या घरच्या खुणा सविस्तर लिहाव्यात, ही विनंती.

गिरगाव : आमच्या चाळीतल्या खोलीत ओव्हन नव्हता. आई रव्याचा केक कुकरमध्ये, तळाशी मीठ पसरून, शिट्टी आणि रबरी रिंग काढून, मंद आचेवर करीत असे. आत डोकावायची सोय नसल्यामुळे तिची सारी भिस्त वासावर होती. वेलचीचा वास दारापर्यंत आला की आणखी दहा मिनिटे थांबून ती विणायची सुई बरोबर मध्यभागी, तळापर्यंत खुपसायची. ओले पीठ लागले तर पुन्हा झाकण. दोन-चार ओलसर कण लागले तर गॅस बंद, कारण तापल्या भांड्यात केक नंतरही थोडा शिजत राहतो. आपण टूथपिक कडेला तर टोचली नव्हती ना?

वांद्रे : नाताळच्या फ्रूट केकला सुई फसवते. मनुका टोचली गेली की ती चिकट निघते आणि आपण केक उगाच वाळवत बसतो. मी साचा बाहेर काढून कान जवळ नेते. बुडबुडे फुटल्यासारखी चरचर जोरात ऐकू आली, तर आत पाणी बरेच आहे असे समजून तो परत ठेवते. आवाज अगदी मंद झाला की काढते.

परळ : मावा केकचा रंग पाहू नये. दुधातील साखरेमुळे तो लवकर तांबूस होतो. बोटाने हलकेच दाबावे. खळगी लगेच भरून आली तर झाला.

मुलुंड : मी थर्मामीटर वापरतो. साध्या स्पंजच्या गाभ्यात 95 ते 98 अंश सेल्सियस तापमान दिसले की अंड्यातील प्रथिने आणि मैद्यातील स्टार्च घट्ट झालेले असतात. त्याआधी काढलेला केक स्वतःचा भार पेलू शकत नाही. साचा कोणत्या मापाचा होता? 8 इंचांसाठीचे मिश्रण 6 इंची साच्यात ओतले, तर थर जवळजवळ पावणेदोनपट जाड होतो आणि पाककृतीतील वेळ पुरत नाही.

टूथपिक कडेलाच टोचली होती आणि साचाही 6 इंचीच होता. येत्या शनिवारी तोच केक 8 इंची साच्यात पुन्हा करणार आहे.