मदत हवी आहे: प्रवास-प्रकाशकाच्या एपीआयच्या अटी, ऑफलाइन ॲप आणि मराठी भाषांतर

नमस्कार मंडळी,

सिंहस्थ तोंडावर आलाय. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. आम्ही नाशिकमधले काही डेव्हलपर मिळून बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी मराठी ॲप करतोय. रामकुंड, काळाराम, तपोवन, पांडवलेणी, त्र्यंबक, अंजनेरी, सिन्नरचं गोंदेश्वर हे सगळं आम्ही स्वतः फिरून, लोकांना विचारून लिहितोय, त्यामुळे त्याची काळजी नाही. काळजी आहे ती नाशिकबाहेरची. त्र्यंबकला आलेली बरीच मंडळी तिथूनच पुढे घृष्णेश्वर आणि भीमाशंकर करतात, शिर्डीला जातात, कुणाला वेरूळ-अजिंठा बघायचं असतं. तेवढं सगळं आम्हीच लिहायला बसलो तर सिंहस्थ उलटून जाईल.

म्हणून एका मोठ्या परदेशी प्रवास-प्रकाशकाच्या एपीआयसाठी (त्यांचा मजकूर दुसऱ्या ॲपने थेट मागवून घ्यायची सोय) अर्ज केला. की (आमची ओळख पटवणारी, किल्लीसारखी अक्षरं) मिळाली. मजकूर खरंच चांगला आहे. प्रकाशकाचं नाव देत नाही, कारण प्रश्न एका कंपनीपुरता नाही. अशा बहुतेकांच्या अटी थोड्याफार फरकाने सारख्याच असतात.

अटी मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचल्या. थोडक्यात सांगायचं तर मजकूर तात्पुरता साठवायची परवानगी आहे, तीही २४ तासांपुरती. नंतर पुसायचा किंवा नव्याने मागवायचा. ठिकाणाचा आयडी मात्र कायम ठेवला तरी चालतो. मजकुरात फेरफार करायचा नाही, त्यावरून दुसरी कृती तयार करायची नाही. जिथे जिथे मजकूर दिसेल तिथे त्यांचं नाव आणि मूळ पानाची लिंक हवी. कमाईसाठी वापरायचं असेल तर वेगळी लेखी परवानगी. त्यांच्या मजकुरावर मशीन लर्निंगचं मॉडेल शिकवायचं नाही. करार संपला की साठवलेलं सगळं काढून टाकायचं.

यातलं बरंचसं मला रास्तच वाटतं. कुणीतरी उन्हातान्हात हिंडून, लॉजवाल्यांशी, देवळाच्या विश्वस्तांशी बोलून हा मजकूर लिहिलाय. त्याचं नाव खाली यायलाच हवं, आणि जुना झालेला मजकूर त्याच्या नावावर फिरत राहू नये ही त्याची अपेक्षा योग्यच आहे. अटींना बगल कशी द्यायची हे मी विचारत नाहीये. अटी पाळून आमच्या माणसाचं काम होतं का, एवढंच मला कळून घ्यायचंय.

आमचा माणूस म्हणजे कोण? समजा जळगावचं एक कुटुंब गुरुवारी संध्याकाळी पंचवटीतल्या लॉजवर उतरलं. लॉजच्या वायफायवर त्यांनी भीमाशंकरचं पान डाउनलोड करून ठेवलं. शुक्रवारी रामकुंडावर स्नान आणि दर्शन झालं. शनिवारी पहाटे गाडी काढून ते भीमाशंकरला निघाले. तिथे जंगल, पावसाळ्यात धुकं, रेंज कधी येते कधी जाते. ॲप उघडलं तर २४ तास केव्हाच उलटलेले, म्हणजे नियमाप्रमाणे पान कोरं. ज्या घडीला माहिती हवी नेमक्या त्याच घडीला ती नाही. यातून वाट कशी काढायची?

दुसरा प्रश्न भाषांतराचा. मजकूर इंग्रजीत आहे. आमच्या ॲपमधला मजकूर वाचणारी आजी इंग्रजी वाचत नाही. फोनवरच मशीनने भाषांतर करून दाखवलं, कुठेही साठवलं नाही, तरी ती दुसरी कृती ठरते का?

तिसरा, ॲप फुकट आहे, पण सर्व्हरचा खर्च निघावा म्हणून पंचवटीतले काही लॉजवाले आणि नाशिकरोड स्टेशनचे टॅक्सीवाले जाहिरात द्यायला तयार आहेत. मग हा कमाईचा वापर झाला का?

शिवाय की ॲपमध्येच ठेवावी की नाही यावर आमच्यात दोन मतं आहेत. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

कीचं आधी सांगतो, कारण त्यात दोन मतं असायचं कारणच नाही. ॲपमध्ये ठेवू नका. एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) उघडून आतली अक्षरं वाचणं कॉलेजच्या पोरालाही जमतं. तुमची की दुसऱ्याने वापरली तरी विनंत्यांची मर्यादा तुमची संपणार आणि कराराप्रमाणे जबाबदारीही तुमचीच. मध्ये आपला छोटा सर्व्हर ठेवा. ॲप सर्व्हरशी बोलेल, सर्व्हर प्रकाशकाशी, आणि की फक्त सर्व्हरवर. सर्व्हरवर ठेवलेली प्रतसुद्धा २४ तासांच्या नियमातच मोजली जाते, हे मात्र ध्यानात असू द्या. फोनवर पोचल्यापासून नवे २४ तास सुरू होतात असं समजू नका. प्रकाशकाकडून उत्तर आलं त्या क्षणापासून घड्याळ चालू. त्यामुळे प्रत्येक नोंदीसोबत ती वेळ साठवा आणि फोनवरही तीच पाठवा.

त्यांच्या उत्तराचे हेडर, म्हणजे मजकुरासोबत येणाऱ्या सूचना, नीट बघा. कॅशे-कंट्रोलमध्ये (किती वेळ साठवायचं ते सांगणारी सूचना) मॅक्स-एज ८६४०० दिसलं तर ते सेकंदांतले २४ तासच आहेत. ई-टॅग (मजकुराच्या आवृत्तीची खूण) येत असेल तर दर वेळी पूर्ण मजकूर ओढू नका. जुना ई-टॅग पाठवून विचारा, बदल नसेल तर ३०४ (‘काही बदललेलं नाही’ असा कोड) येईल, डेटा वाचेल. मात्र ३०४ आलं म्हणून २४ तास नव्याने मोजायचे का, हे त्यांना लेखी विचारा, तर्कावर सोडू नका. ४२९ (‘विनंत्या फार झाल्या’ असा कोड) आलं तर रिट्राय-आफ्टरमध्ये सांगितलेला वेळ थांबा. पर्वणीच्या दिवशी हजारो फोन एकदम विचारायला लागले आणि तुमचा सर्व्हर थांबायला शिकला नसेल, तर ऐन गर्दीत की बंद होईल.

आयडी ठेवायची मुभा ही मोठी गोष्ट आहे. गूगल मॅप्सच्या अटींतही अशीच रचना आहे. प्लेस आयडी कायम ठेवता येतो, अक्षांश-रेखांश फार तर ३० दिवस. म्हणजे तुमच्या डेटाबेसमध्ये आयडी त्यांचा, आणि त्याला जोडलेली ऑफलाइन टिपणं तुमची स्वतःची. पान कोरं राहणार नाही. त्यांचा मजकूर गेला तरी तुमचा राहील.

धागाकर्ता

धन्यवाद दादा. उत्तर आलं त्या क्षणापासून घड्याळ, हे डोक्यात पक्कं बसलं. आयडीभोवती आपली टिपणं लावायची कल्पना आवडली. पण मग भीमाशंकरची टिपणं आमची कशी होणार? तो मजकूर वाचून आम्ही आमच्या शब्दांत लिहिला तर चालतो का?

प्रतिसाद

मी वकिली करते, नाशिकलाच. इथे सल्ला देत नाही, सर्वसाधारण कायदा सांगते. अंतिम करारपत्र कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवा.

भाषांतराबद्दल शंकेला फारशी जागा नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४ मध्ये साहित्यकृतीचं भाषांतर करण्याचा हक्क मालकाकडे ठेवलेला आहे. भाषांतर माणसाने केलं की मशीनने, असा फरक तिथे नाही. साठवलं नाही म्हणून सुटका होईल अशी खात्रीही देता येत नाही. कलम ५२ मधला न्याय्य वापर खाजगी वापर, संशोधन, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा कामांसाठी आहे. हजारो लोकांना दिलेलं ॲप त्यात बसवणं कठीण. आणि कलम ६३ खाली हे फौजदारी प्रकरणही होऊ शकतं. तेव्हा मराठी दाखवायची असेल तर परवानगी हवीच.

आता "आमच्या शब्दांत" बद्दल. माहिती कुणाच्या मालकीची नसते. १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की कल्पना, विषय, ऐतिहासिक किंवा पौराणिक घटना यांवर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो. भीमाशंकर ज्योतिर्लिंग आहे, देऊळ इतक्या वाजता उघडतं, हे कुणीही सांगू शकतं. पण इथेच लोक फसतात. तुम्ही एपीआयच्या अटी मान्य केल्यात, म्हणजे कॉपीराइटच्या वर एक करारही आहे. ऑनलाइन झालेला करारही करारच असतो, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०-अ तेच सांगतं. एपीआयतून मिळालेल्या डेटावरून स्वतःचा संग्रह तयार करायला करारात मनाई असेल, तर कॉपीराइट नसलेली माहितीसुद्धा तुम्ही त्या वाटेने गोळा करू शकत नाही. शिवाय परवानगीशिवाय डेटाबेसमधून डेटा काढून घेणं हे त्याच कायद्याच्या कलम ४३ मध्ये येतं. म्हणून तुमची टिपणं लिहिताना त्यांचं पान समोर उघडं ठेवू नका. दुसऱ्या वाटेने माहिती मिळवा, आणि कुठून मिळाली त्याची नोंद तारखेसह ठेवा. उद्या कुणी विचारलं तर दाखवता आलं पाहिजे.

जाहिरातीचं म्हणाल, तर फुकट ॲपमधली जाहिरात ही बहुतेक करारांत कमाईच धरली जाते. त्यांच्या मजकुराच्या पानावर जाहिरात नाही आणि तुमच्या पानांवर आहे, असं वेगळं ठेवलं तरी विचारूनच करा.

आणखी एक, जे कुणी विचारत नाही. त्यांच्या एपीआयतून भारताचा नकाशा चित्र म्हणून येत असेल तर तो दाखवू नका. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीप्रमाणे गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. परदेशी प्रकाशकांच्या नकाशात काश्मीरची सीमा वेगळी असू शकते. तुम्ही ती दुरुस्त करायला गेलात तर "फेरफार करू नये" ही अट मोडते. त्यापेक्षा नकाशा घेऊच नका.

धागाकर्ता

ताई, नकाशाचं आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. त्यांची चित्रं आजच बंद करतो. करार आणि कॉपीराइट हे दोन वेगळे दरवाजे आहेत हेही आता नीट कळलं. मग दुसऱ्या वाटा कोणत्या, तेवढं कुणी सांगेल का? नकाशासकट.

प्रतिसाद

खुल्या परवान्याचा मजकूर बघा. विकिव्हॉयेज या लोकांनी मिळून लिहिलेल्या प्रवास-मार्गदर्शिकेचा मजकूर सीसी बाय-एसए ४.० या खुल्या परवान्याखाली आहे. भाषांतर करा, साठवा, जाहिरातीसोबत दाखवा, सगळं चालतं. नाव द्यायचं, परवान्याची लिंक द्यायची, आणि तुमचं मराठी भाषांतरही त्याच परवान्यावर खुलं ठेवायचं. हे शेवटचं लोक विसरतात. महाराष्ट्रातली काही पानं त्रोटक आहेत, पण पाया म्हणून पुरतात. तुम्ही भर घातलीत तर पुढच्यालाही उपयोग.

नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा, पण एक काळजी घ्या. त्यांच्या सार्वजनिक सर्व्हरवरून नकाशाच्या टाइल (नकाशाचे चौकोनी तुकडे) घाऊक डाउनलोड करून ऑफलाइन ठेवायला परवानगी नाही, आणि पत्ता शोधायच्या नॉमिनॅटिम सेवेला सेकंदाला एकापेक्षा जास्त विनंत्या करायच्या नाहीत. ते सर्व्हर देणगीवर चालतात. पण मूळ डेटा सगळा खुला आहे. जिओफॅब्रिक या संकेतस्थळावरून भारताच्या पश्चिम विभागाची फाइल उतरवा, हवा तेवढा भाग कापून तुमच्या टाइल तुम्हीच तयार करा आणि फोनमध्ये कायमच्या ठेवा. श्रेय मात्र नकाशावर दिसलं पाहिजे. देशाची सीमा दिसेल इतका झूम बाहेर जाऊ देऊ नका, म्हणजे वर ताईंनी सांगितलेला प्रश्नही येणार नाही. ब्रह्मगिरीच्या फेरीची वाट त्यात कितपत नीट आहे ते स्वतः तपासा. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी जी गर्दी त्या वाटेने चालते, तिला अंधारात चुकीचं वळण दाखवून चालणार नाही.

इतिहासासाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड, नाशिक, १८८३ चा. कॉपीराइट कधीच संपलाय. पांडवलेण्यांतल्या शिलालेखांवर त्यात भरपूर आहे. काही मतं आता जुनी झालीत, तेवढं तपासून घ्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरतंय. ऑफलाइन थर पूर्ण आपला: स्वतःचं लिखाण, विकिव्हॉयेजवरून केलेलं मराठी भाषांतर वेगळ्या पानांवर त्याच्या परवान्यासह, आणि स्वतः तयार केलेल्या टाइल. प्रकाशकाचा मजकूर फक्त नेट असेल तेव्हा, मूळ इंग्रजीत, नाव आणि लिंकसह, जाहिरातीशिवाय. नेट नसेल तर त्या जागी आमचं टिपण दिसेल. देवळाच्या वेळा आणि बंद रस्ते दोन्हीकडून न घेता फोन करून विचारून भरणार, कारण पर्वणीच्या दिवशी वाहतूक वळवतात तेव्हा कुठलाच छापील मजकूर कामाचा राहत नाही.

प्रकाशकाला मेल लिहितोय. त्यात चार गोष्टी विचारल्यात: ३०४ आल्यावर मुदत वाढते का, सिंहस्थाच्या काळापुरती ७२ तासांची मुभा मिळेल का, मराठी भाषांतराची परवानगी कुठल्या अटींवर देतील, आणि जाहिरात दुसऱ्या पानावर असेल तर चालेल का. भाषांतर त्यांच्याकडून तपासून घ्यायला आणि ते त्यांच्याच मालकीचं राहायलाही आमची तयारी आहे, असं लिहिलंय.

एक कलम अजून अडतंय. कुणी दावा केला तर नुकसानभरपाई आम्ही भरायची, आणि वाद त्यांच्या देशातल्या न्यायालयात चालायचा. आमची नोंदणीकृत कंपनीसुद्धा नाही, चार जणांच्या नावावर सगळं आहे. ताई, हे कलम असतानाही सही करायची झाली तर आधी एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) काढावी का?

प्रतिसाद

हो, आधी एलएलपी काढा, मग सही करा. आत्ता वैयक्तिक नावावर घेतलेली की तशीच पुढे वापरू नका. एलएलपीच्या नावाने नव्याने अर्ज करा, कारण घेतलेली की दुसऱ्याला द्यायला सहसा मनाई असते आणि एलएलपी ही कायद्याने तुमच्यापेक्षा वेगळी व्यक्ती आहे. भरपाईला वरची मर्यादा घालायची विनंती याच मेलमध्ये टाका. लहान डेव्हलपरने मागितली तर नाही म्हणतीलच असं नाही. मेल पाठवण्याआधी इथे टाकलात तर नजर टाकते.